टाचेला काय लावायचं ते नंतर, आधी न्हाणीत बघा

दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. कापूस वेचणीचे दिवस आहेत. त्यांच्या बोटांची टोकं चिरली आहेत, टाचा उलून रक्त येतं. सासूबाई साठीच्या पुढच्या, त्यांना रात्री पायांना इतकी खाज सुटते की झोप लागत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या गालावर पांढरट, खरखरीत चट्टे उठले आहेत. ताई लिहितात: "पहाटे चुलीवरचं कडक पाणी घेऊन आंघोळ करतो. शेतातून आल्यावर धुण्याच्या दगडावर कपड्याच्या साबणानं हातपाय घासते. सकाळी व्हॅसलीन लावते, पण दुपारपर्यंत पुन्हा तसंच. मेडिकलमधून एक ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाईट. शेजारणीनं टाचेच्या भेगेत फेविक्विक भरायला सांगितलं आहे, भरू का? आमचं बोअरचं पाणी खारं आहे, त्यानं होतं का?"

ताई, फेविक्विकचं आधी सांगतो, कारण ते आजच थांबवायला हवं. तो गोंद सुती कापडाला किंवा कापसाला लागला की तापतो, इतका की कातडी भाजते. तुमच्या ओटीत, लुगड्यावर, बोटांवर दिवसभर कापूस असतो. शिवाय भेगेत जी काळी माती आणि शेण बसलंय ते आत बंद होऊन पिकतं. डॉक्टर जखम चिकटवायला वापरतात तो गोंद याच कुळातला असला तरी वेगळा बनवलेला असतो आणि स्वच्छ जखमेवर लावतात. मेणबत्तीचं मेण वितळवून भरणंही नको.

आता मूळ गोष्ट. तुम्ही व्हॅसलीन लावता, तरी टिकत नाही, म्हणजे व्हॅसलीन वाईट असं नाही. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशींच्या मधे अंगाची स्वतःची चरबी भरलेली असते. ती आहे तोवर आतलं पाणी आत राहतं. कडक पाणी ती चरबी सैल करतं, साबण ती धुऊन नेतो. तुम्ही दिवसातून दोनदा ती काढता आणि एकदा वरून थोडं तेल-मलम देता. जमाखर्च जुळणार कसा?

त्यात आपल्याकडचा हिवाळा. पहाटे दव पडतं म्हणून हवा ओली वाटते. पण 10 अंशांच्या हवेत मुळात पाणी मावतंच कमी. दुपारी तीच हवा 28 अंशांपर्यंत तापते, तिच्यातलं पाणी मात्र तेवढंच राहतं, त्यामुळे ओलावा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास उतरतो. अशी हवा कातडीतून, ओठांतून, मातीतून, मिळेल तिथून पाणी ओढते. तुम्हाला दुपारीच अंग ताणल्यासारखं वाटतं ते यामुळे. खूप पाणी प्या म्हणजे कातडी मऊ होईल, असं पुष्कळ जण सांगतात. वेचणीच्या उन्हात पाणी प्यायलाच हवं, पण टाचेची भेग त्यानं भरत नाही.

आंघोळीपासून सुरुवात करा. पाणी कोमट म्हणजे किती? कोपर बुडवून बघा, कोपराला ऊबदार लागलं पाहिजे, चटका नको. अंग लाल होत असेल तर पाणी जास्त गरम आहे. थंडीत कडक पाण्याखाली बरं वाटतं, उठवत नाही, हे खरं. पण पाच ते दहा मिनिटांत उरका. पहाटेची आंघोळ सोडून शेतातून आल्यावर एकच आंघोळ केली तर उत्तम, दोन धुणी एकात निघतात. देवपूजेसाठी सकाळी अंघोळ लागतच असेल तर ती साध्या पाण्याची, बिनसाबणाची करा.

कपड्याची वडी अंगाला लावणं बंद. ती मळ आणि तेल कापडातून उपटून काढायला बनवलेली असते, आणि तेच ती टाचेवर करते. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या स्निग्धांशाचं प्रमाण, लिहिलेला असतो, 76 टक्के किंवा जास्त असेल तो पहिल्या प्रतीचा. तोही क्षारीयच असतो, म्हणून काखा, जांघा आणि पाय एवढ्यांनाच लावा. हात-पोटऱ्या-पाठ पाण्यानं धुतली तरी चालते, मळ नसतो तिथे. सासूबाई आणि मुलगा यांच्यासाठी मेडिकलमध्ये सिंडेट बार मागा. तो साबणासारखा दिसतो पण साबण नसतो, आणि कातडीच्या आम्लतेच्या जवळचा असतो. महाग पडतो, पण दोघांनाच आणि फक्त गरजेच्या जागी वापरला तर पुरतो.

पाण्याबद्दल तुमचा संशय बरोबर आहे, पण अर्धाच. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं, तिथलं जमिनीतलं पाणी खारं. त्यात चुन्यासारखे क्षारही जास्त असले की ते जड होतं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा पांढरा चिकट साका बनतो, आणि तो बादलीवर बसतो तसा अंगावरही बसतो. फेस होत नाही म्हणून आपण आणखी साबण घासतो, आणि साका वाढतो. उकळून काही भागात जडपणा कमी होतो, भांड्याच्या तळाला पांढरी खपली धरते ती त्याचीच, पण खारेपणा उकळल्यानं जात नाही. त्यामुळे सोपा उपाय असा: आंघोळ बोअरच्याच पाण्यानं करा, साबण निम्मा करा, आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या नळाच्या पाण्याचे ओता. त्यासाठी एक कळशी वेगळी ठेवली की झालं.

पुसताना टॉवेल घासू नका, टिपा. अंग किंचित ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, लावायचं ते लावा. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. व्हॅसलीन आणि तेल स्वतः ओलावा देत नाहीत, आहे तो कोंडून धरतात. तुम्ही सकाळी कामं आवरून, अंग वाळल्यावर लावत असाल, तर कोंडायला आत काही उरलेलंच नसतं.

अख्ख्या अंगाला क्रीम लावायचं तर मोठ्या माणसाला एका वेळी 25 ते 30 ग्रॅम लागतं. म्हणजे 100 ग्रॅमची बाटली चार दिवसांत संपते, घरात चौघं असतील तर एका दिवसात. म्हणून अंगाला तेल आणि फुटलेल्या जागी व्हॅसलीन, असा हिशोब ठेवा. खोबरेल सगळ्यात बरं. ते 24 अंशांच्या खाली गोठतं, तेव्हा बाटली उन्हात ठेवा, चुलीजवळ नको. तिळाचं चालतं. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या टोळंबीचं, म्हणजे बियांचं, तेल वापरतात, तेही चांगलं. मोहरीचं तेल मात्र कातडीच्या वरच्या थराला त्रास देतं, लहान मुलांना तर नकोच. ग्लिसरीन चांगलं, पण पुष्कळ जण ते निरं लावतात आणि मग चुरचुरतं म्हणतात. निरं ग्लिसरीन कोरड्या हवेत कातडीच्या आतलंच पाणी वर ओढतं. एक वाटा ग्लिसरीन, दोन वाटे पाणी, ते ओल्या अंगावर, आणि वरून तेलाचा हात. लिंबू पिळून घालू नका. साय लावायची तर अर्ध्या तासात धुऊन टाका, वास येतो आणि माशा बसतात. कोरफडीचा गर थंड वाटतो, पण तो बहुतेक पाणीच आहे, वाळला की संपला, आणि पानातला पिवळा चीक लागला तर उलट खाज सुटते.

टाचा. टाच फुटते ती नुसत्या कोरडेपणानं नाही. अनवाणी किंवा मागून उघड्या चपलेत चालताना अंगाचा भार पडून टाचेची गादी बाजूंना पसरते. कडेची कातडी मऊ असेल तर ती ताणते. जाड, वाळलेली असेल तर ताणण्याऐवजी फाटते. म्हणून भेगेत काय भरायचं हा प्रश्नच चुकीचा आहे, भेगेच्या दोन्ही काठांची जाडी कमी करायची असते. आणि वेचणीपुरता तरी मागून बंद असलेला बूट घाला, आत सुती मोजा.

रात्रीचं काम झाल्यावर, म्हणजे त्यानंतर पाय पुन्हा जमिनीला लागणार नाहीत अशा वेळी, घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय 15 मिनिटं बुडवा. मीठ, सोडा, लिंबू काही घालायचं नाही. मग वजरीनं जाड कडा हलक्या हातानं घासा, एकाच दिशेनं, दहा-बारा हात मारले की थांबा. रक्त येतं त्या भेगेवर वजरी फिरवायची नाही. हे रोज नाही, दोन-तीन दिवसांआड. एका बैठकीत सगळं काढायला गेलात तर कोवळी कातडी उघडी पडते आणि शरीर ती आणखी जाड करून भरतं. ब्लेडनं कापणं, नखं काढायच्या कात्रीनं ओढणं, अजिबात नको. पाय टिपून घ्या, बोटांच्या मधली जागा नीट कोरडी करा आणि तिथे काहीच लावू नका. तिथे तेलकट ओल राहिली की चिखल्या होतात.

नंतर मलम. ज्या भेगा उघड्या आहेत तिथे फक्त व्हॅसलीन, जाड थर. ज्या कोरड्या, जाड आहेत तिथे मेडिकलमधलं 20 टक्के युरियाचं क्रीम, त्यावर व्हॅसलीन. हा युरिया खताच्या गोणीतला नव्हे, ते कोणी विरघळवून लावू नये. युरिया जाड कातडी सैल करतो आणि पाणी धरतो, पण उघड्या जखमेवर झोंबतो. वर जुने सुती मोजे घालून झोपा. आठवड्यात कडा मऊ लागतील, खोल भेगा मिटायला तीन-चार आठवडे जातात. चार रात्री करून सोडलं तर काही दिसणार नाही.

एक सावधगिरी पाळाच. व्हॅसलीन आणि तेल मुरलेलं कापड चटकन पेट घेतं, धुतल्यावरही त्यात थोडं राहतं. ते मोजे घालून चुलीशी किंवा शेकोटीशी पाय पसरून बसू नका. शेकोटीचं आणखी एक: रोज जवळून शेकलं की पोटऱ्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. ते मळाचे नसतात, घासून जात नाहीत. हातभर मागे सरका आणि पायावर घोंगडी घ्या.

मलम घरी करायचं असेल तर 100 मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलाला 20 ते 25 ग्रॅम मधमाशीचं मेण. मेण किसून तेलात टाका, ते भांडं उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण 62 ते 65 अंशांना वितळतं, म्हणून थेट जाळावर ठेवायची गरज नाही, ठेवलं तर तेल जळकं होतं. वितळल्यावर कोरड्या डबीत ओता. थंडीत फार घट्ट बसलं तर पुन्हा वितळवून दोन चमचे तेल वाढवा. पाण्याचा थेंब गेला किंवा ओलं बोट घातलं की बुरशी धरते. दुकानात मिळणारं पांढरं मेण बहुतेक मेणबत्तीचं असतं, मधमाशीच्या मेणाला मधाचा वास येतो.

हातांचं गणित वेगळं आहे, कारण वेचताना हाताला तेल असलं तर कापूस चिकटतो आणि डागाळतो. म्हणजे दिवसा संरक्षण, रात्री मलम. वाळलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं नखाच्या मुळाशी टोचतात, तिथूनच चिरा सुरू होतात. वेचायला जाण्याआधी अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांना मेडिकलची कागदी चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळा. बोट वळलं पाहिजे इतपत सैल. दव वाळेपर्यंत वेचायला लागत नाही, तेवढ्या वेळात हे होतं. सुती हातमोज्यांची टोकं कापून घातली तरी चालतात, पण वेचायचा वेग मंदावतो अशी तक्रार येते, आणि मजुरी किलोवर असते, म्हणून पट्टीच बरी.

वेचणी संपली की हरभरा येईल. हरभऱ्याच्या पानावर जी आंब असते ती खरोखरच आम्ल असते. फुटलेल्या हातांना आणि पोटऱ्यांना ती भाजल्यासारखी झोंबते. सकाळी दवात ती जास्त लागते. त्या कामाला पायात जुने पायमोजे, हातांना पूर्ण मोजे, आणि घरी आल्या आल्या साध्या पाण्यानं हात-पाय धुणं. इथे आधी व्हॅसलीन लावून गेलात तर चालतं, हरभऱ्याला डाग पडायची भीती नाही. ज्यांच्याकडे ओलीत आहे आणि रात्री लाइन आली की गव्हाला पाणी द्यायला उतरावं लागतं, त्यांनीही पावलांना आधी व्हॅसलीन लावून गमबूट घालावा. भिजणं आणि गार वाऱ्यात वाळणं, हे आलटून पालटून झालं की पाय नुसते भिजण्यापेक्षा जास्त फुटतात.

घरातली दोन कामं तपासा. राखेनं भांडी घासत असाल तर राखेचं पाणी साबणापेक्षाही कडक क्षारीय असतं. शेणानं सारवताना हात भेगाळलेला असेल तर धनुर्वाताची भीती असते. दहा वर्षांत टीडीचं इंजेक्शन झालं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या, आणि सारवणाला रबरी मोजा घाला.

सासूबाई. वय झालं की कातडीची चरबी कमी बनते, त्यामुळे नडग्या कोरड्या पडून खाजणं साहजिक आहे. त्यांना दिवसाआड आंघोळ पुरे, आणि रोज रात्री नडग्यांना ओल्या हातानं खोबरेल. लोकरीचं थेट अंगाला लागू देऊ नका, आतून सुती घालू द्या. पण रात्रीच वाढणारी खाज म्हटलं की आधी खरूज बघायची. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, काखेत बारीक पुरळ आहे का? घरात आणखी कोणी खाजवतं का? असेल तर तेलानं काही होणार नाही. आरोग्य केंद्रातून 5 टक्के परमेथ्रीन क्रीम आणा. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत आणि नखांच्या खालीसुद्धा लावून सकाळी धुवा, आठवड्यानं पुन्हा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. एकानं सोडलं की पंधरा दिवसांत पुन्हा सगळ्यांना होते. चादरी, गोधड्या गरम पाण्यात धुवा, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून चार दिवस बाजूला ठेवा. इतकं करून पुढचे दोन-तीन आठवडे खाज थोडी राहते, ती औषध लागू पडलं नाही म्हणून नव्हे.

त्यांना साखर आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर टाचांचं वरचं काहीच त्यांच्यावर करू नका. पाय बधिर झालेले असू शकतात, मग पाणी किती गरम ते कळत नाही, वजरीनं कातडी गेलेलीही कळत नाही. पाणी दुसऱ्यानं कोपरानं बघायचं, फक्त व्हॅसलीन लावायचं, आणि भेगेतून पाणी किंवा वास येत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. घरात कोणाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल आणि घोट्याजवळची जखम महिना-महिना भरत नसेल, तर तीही भेग समजून मलम लावत बसू नका.

मुलाच्या गालावरचे पांढरट चट्टे जंतांचे किंवा कॅल्शियम कमी पडल्याचे असतात असं गावात सांगतात. तसं नाही. तो कोरड्या कातडीचाच सौम्य प्रकार आहे. सिंडेट बारनं तोंड धुवा, दिवसातून दोनदा साधं व्हॅसलीन लावा. खरखर आठवड्या-दोन आठवड्यांत जाते. रंग मात्र सावकाश, काही महिन्यांनी परततो, म्हणून घाबरून औषधं बदलू नका. ओठ चाटायची सवय असेल तर रात्री तूप किंवा व्हॅसलीन लावा, थुंकी वाळताना ओठ आणखी कोरडे करते.

राहिली ती ट्यूब. चार दिवस बरं आणि मग आधीपेक्षा वाईट, हे वर्णन ऐकलं की आम्ही आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला सांगतो. बेटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते लाली आणि खाज दाबतं, कातडी पातळ करतं. खाली नायटा असेल तर तो पसरतो आणि ओळखूही येत नाही. मुलाच्या तोंडाला तर लागता कामा नये. ट्यूब फेकू नका, डॉक्टरांना दाखवायला पिशवीत ठेवा, लावणं मात्र बंद करा. काही दिवस खाज उसळेल, तेव्हा पुन्हा त्याच ट्यूबकडे हात जातो, तो जाऊ देऊ नका.

आणि घरात कोणाच्याही अंगावर फिकट किंवा तांबूस, कोरडा चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, केस झडले असतील, तर डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीनं हलकं शिवून बघा. वात लागल्याचं कळलं नाही तर तो साधा कोरडेपणा नव्हे. आशाताईंना सांगा, त्या आरोग्य केंद्रात नेतील. कुष्ठरोगाच्या गोळ्या तिथे फुकट मिळतात आणि वेळेत सुरू झाल्या तर हातापायात व्यंग राहत नाही. मुलाच्या गालावरचे चट्टेही आशाताई येतील तेव्हा त्यांना दाखवून ठेवा.